अधिवृक्क ग्रंथींच्या हार्मोनची रक्ततपासणी: रक्त देण्याआधी, देताना आणि रिपोर्ट वाचताना

दुपारी ४ वाजता रक्त काढलं, कॉर्टिसॉल ५ (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं आणि रिपोर्टवर 'कमी' असा ठळक शेरा पडला. माणूस घाबरला, आठवडाभर नीट झोपला नाही. पण शेजारी छापलेली सामान्य मर्यादा सकाळच्या रक्ताची होती. दुपारी ४ ला ५ हा आकडा बहुतेक निरोगी माणसांतही येतो. यंत्र बरोबर होतं, घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही.

अधिवृक्क म्हणजेच ॲड्रिनल ग्रंथींच्या तपासण्यांत असं वारंवार घडतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल (ताणाला तोंड द्यायला मदत करणारं), ॲल्डोस्टेरॉन (मीठ आणि पोटॅशियम सांभाळणारं), पुरुषी हार्मोन आणि ॲड्रिनलिन तयार करतात. या प्रत्येकाची रक्त काढण्याची वेळ, पथ्य आणि नळी वेगळी असते. साखर किंवा हिमोग्लोबिन तपासतो त्याच सहजतेने इथे रक्त दिलं, तर चुकीचा आकडा येतो आणि त्यावरून चुकीचे उपचारही सुरू होऊ शकतात.

सर्वांत आधी एक इशारा. ॲडिसनचा आजार (अधिवृक्क ग्रंथी पुरेसं कॉर्टिसॉल बनवत नाहीत तो) असलेल्या किंवा बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्या व्यक्तीला उलट्या, पोटात जोराची कळ, रक्तदाब घसरणं, गुंगी असं काही होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालयात जा. तिथे डॉक्टर शक्य असेल तर सलाईनच्या सुईतूनच तपासणीचं रक्त काढतात, पण रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन टोचतात. मोठ्या माणसासाठी पहिला डोस १०० मिलिग्रॅमचा असतो. तपासणी थांबू शकते, हे इंजेक्शन थांबू शकत नाही.

## १. आधी प्रश्न ठरवा, मग चाचणी निवडा

'सगळे ॲड्रिनल हार्मोन करून टाका' ही मागणी मला सर्वांत घातक वाटते. दहा आकडे मागवले की त्यांतला एखादा मर्यादेबाहेर जाऊ शकतो आणि मग त्याच्या मागे धावावं लागतं. डॉक्टरांशी बोलताना आधी हे स्पष्ट करून घ्या की शंका कशाची आहे.

सतत थकवा, घटणारं वजन, उभं राहिलं की चक्कर, त्वचा आणि हिरड्या काळवंडणं, खारट खाण्याची तीव्र इच्छा असं असेल, तर शंका कॉर्टिसॉल कमी पडण्याची आहे. त्यासाठी सकाळचं कॉर्टिसॉल, सोबत एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं पीयूषिका ग्रंथीचं हार्मोन), सोडियम आणि पोटॅशियम.

सहज काळेनिळे डाग पडणं, पोटावर रुंद जांभळट पट्टे, खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ नसणं, ही कॉर्टिसॉल जास्त असल्याची लक्षणं. इथे सकाळचं साधं कॉर्टिसॉल जवळपास निरुपयोगी आहे, कारण सकाळी ते सगळ्यांचंच चढलेलं असतं. शंका असते ती रात्री ते उतरतं की नाही याची. म्हणून डेक्सामेथासोन दमन चाचणी (या कृत्रिम स्टेरॉइडची गोळी देऊन कॉर्टिसॉल दबतं का हे पाहणारी), रात्री उशिराची लाळेची चाचणी किंवा २४ तासांच्या लघवीची चाचणी करतात.

रक्तदाब तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही किंवा सोबत पोटॅशियम कमी आहे, तेव्हा ॲल्डोस्टेरॉन आणि रेनिन (मूत्रपिंडातून येणारं, ॲल्डोस्टेरॉन वाढवायला लावणारं द्रव्य) यांचं गुणोत्तर. अचानक उठणारी डोकेदुखी, दरदरून घाम आणि धडधड यांसाठी मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिनसारख्या हार्मोनचं विघटन होऊन बनणारं द्रव्य). अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर राठ केस यांसाठी १७-ओएचपी (कॉर्टिसॉल बनण्याच्या वाटेवरचं हार्मोन), डीएचईए-एस (अधिवृक्क ग्रंथींचं पुरुषी प्रकारचं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन.

'ॲड्रिनल फटीग', म्हणजे अधिवृक्क ग्रंथी थकल्या, हे नाव बरंच ऐकू येतं. हार्मोनतज्ज्ञ हे निदान मानत नाहीत आणि ते सिद्ध करणारी कोणतीही रक्तचाचणी नाही. थकवा खरा असतो, त्याचं कारण शोधायलाच हवं. पण या नावाखाली विकली जाणारी ॲड्रिनल अर्काची पूरकं तपासणीआधी घेऊ नका. अशा काही उत्पादनांत प्रत्यक्षात स्टेरॉइड सापडलेलं आहे आणि ते तुमचा रिपोर्ट बिघडवू शकतं.

## २. औषधांची यादी करा, आणि ती खरोखर पूर्ण करा

हे काम रक्त देण्याच्या आदल्या दिवशी करून भागत नाही. काही औषधांचा परिणाम कित्येक आठवडे राहतो, म्हणून तपासणी ठरली की लगेच यादी घ्या.

पहिला मान स्टेरॉइडचा. 'मी स्टेरॉइड घेत नाही' असं बहुतेक जण मनापासून सांगतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त गोळी असते. दम्याचा पंप, नाकातला फवारा, डोळ्यांचे थेंब, खाजेचं किंवा त्वचा उजळवणारं मलम, गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं इंजेक्शन, या सगळ्यांत स्टेरॉइड असू शकतं. सांध्यातलं इंजेक्शन शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल काही आठवडे दाबून ठेवू शकतं. घटक न छापलेली पुडीतली औषधं घेत असाल तर तीही यादीत लिहा आणि सोबत न्या.

यात दोन उलट्या चुका दडलेल्या आहेत. प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन अनेक यंत्रांना कॉर्टिसॉलसारखंच दिसतं, त्यामुळे आकडा खोटा वर जातो. डेक्सामेथासोन यंत्राला दिसत नाही, पण शरीराचं उत्पादन बंद पाडतं, त्यामुळे आकडा तळाला जातो. कोणतं स्टेरॉइड, किती मात्रेत आणि शेवटचं कधी, हे ठाऊक नसेल तर रिपोर्टचा अर्थ लावणं कोणालाच जमत नाही.

दुसरं, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. त्यांनी कॉर्टिसॉलला बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं. हा परिणाम ओसरायला साधारण ६ आठवडे लागतात. गर्भारपणातही हेच होतं.

तिसरं, बायोटिन हे ब-जीवनसत्त्व. केस-नखांच्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं आणि त्याला कोणी औषध मानत नाही. बायोटिनवर चालणाऱ्या तपासणी पद्धतींत ते कॉर्टिसॉल खोटं वाढवतं आणि एसीटीएच खोटं कमी करतं. आता ही जोडी डॉक्टरांच्या नजरेने पाहा: कॉर्टिसॉल जास्त, एसीटीएच कमी. अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल बनवणारी गाठ असल्यावर नेमकं हेच चित्र दिसतं! केसांसाठीची एक गोळी माणसाला गाठीच्या शोधात पाठवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला होता. एवढ्या मात्रेचं बायोटिन किमान २ ते ३ दिवस आधी बंद हवं, मात्रा त्याहून मोठी असेल तर जास्त दिवस.

याशिवाय फिटांवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामकं आणि ज्येष्ठमध असलेलं काहीही. हे सगळं यादीत हवंच.

सावध: यादी करणं तुमचं काम आहे, औषध थांबवणं नाही. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद केलं तर जीव धोक्यात येतो. प्रत्येक औषधासमोर डॉक्टरांकडून तीन उत्तरं लिहून घ्या: थांबवायचं का, किती दिवस, आणि तेवढ्या काळात त्याऐवजी काय. हायड्रोकॉर्टिसोन चालू असलेल्यांना बऱ्याचदा आदल्या दिवशीचा संध्याकाळचा आणि तपासणीच्या सकाळचा डोस टाळायला सांगतात. तसं सांगितलं असेल तर सकाळची गोळी खिशात घेऊनच लॅबमध्ये जा आणि सुई निघताक्षणी ती घ्या. घरी जाऊन घेऊ म्हणून थांबू नका.

## ३. दिवस आणि वेळ पक्की करा

कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं, उठण्याच्या सुमारास शिखरावर असतं आणि मध्यरात्री सर्वांत खाली जातं. म्हणून सकाळी ८ ते ९. 'सकाळी केव्हाही' म्हणजे ११ नव्हे. लॅबमध्ये रांग असते, तेव्हा पाऊण तास आधी पोहोचा आणि ही वेळेची तपासणी आहे हे खिडकीवरच सांगा.

ही वेळ रात्री झोपणाऱ्यांसाठी आहे. रात्रपाळी करणाऱ्याचं शरीर वेगळ्या घड्याळावर चालतं, त्यामुळे त्याचं सकाळी ८ चं रक्त दिशाभूल करतं. शक्य तर काही दिवस नियमित रात्रीची झोप झाल्यावर तपासणी ठेवा. ते जमत नसेल तर पाळीच्या वेळा चिठ्ठीवर लिहून द्या. लांबचा विमानप्रवास करून आलेल्यांनाही हेच लागू.

ताप, जंतुसंसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रात्रभराचं जागरण, आदल्या संध्याकाळचा जोरदार व्यायाम, यांतल्या प्रत्येकाने आकडा हलतो. तातडी नसेल तर तारीख पुढे ढकलण्यात काहीच कमीपणा नाही. सुईची धास्ती असेल तर पोहोचल्यावर १५-२० मिनिटं शांत बसा.

१७-ओएचपी सकाळी लवकर आणि पाळीच्या साधारण ३ ते ५ व्या दिवशी द्यायचं. बीज सुटल्यानंतर बीजांडकोषही हे हार्मोन बनवतो, आणि तेव्हाचा वाढलेला आकडा अधिवृक्क ग्रंथीच्या माथी मारला जातो. पाळी येतच नसेल तर दिवस डॉक्टर ठरवतील, पण गरोदरपण नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

तपासून घ्या: रक्त काढल्याची प्रत्यक्ष वेळ नमुन्यावर आणि चिठ्ठीवर लिहिली गेली का? रिपोर्टवर बऱ्याचदा नोंदणीची वेळ छापून येते. खरी वेळ स्वतः टिपून ठेवा.

## ४. रक्त काढताना

कॉर्टिसॉल आणि एसीटीएच. कॉर्टिसॉल टिकाऊ आहे, साध्या नळीत चालतं. एसीटीएच फार नाजूक. ते ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या, बहुधा जांभळ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या नळीत घ्यायचं, कारण काचेला ते चिकटतं. नळी लगेच बर्फात जायला हवी आणि थंड यंत्रात (सेंट्रिफ्यूजमध्ये) फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा करून गोठवायला हवा. नळी गरम टेबलावर तासभर पडली की एसीटीएच विरघळल्यासारखं नाहीसं होतं. याचा परिणाम समजून घ्या. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच जास्त असेल तर दोष अधिवृक्क ग्रंथीत. दोन्ही कमी असतील तर शोध मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडे वळतो. म्हणजे गरम राहिलेली एक नळी आजाराचा पत्ताच बदलते. म्हणूनच एसीटीएचसाठी घरी येऊन रक्त नेण्याची सोय घेऊ नका, आणि आधी फोन करून विचारा: 'बर्फ आणि थंड सेंट्रिफ्यूज तुमच्याकडेच आहे ना, की नमुना दुसरीकडे जातो?'

ॲल्डोस्टेरॉन आणि रेनिन. इथे सगळं उलट. रेनिनची नळी बर्फात ठेवायची नाही. थंडीने निष्क्रिय रेनिन सक्रिय होतं, रेनिन खोटं वाढतं, गुणोत्तर खाली येतं आणि खरा आजार, म्हणजे ॲल्डोस्टेरॉनचं जास्त प्रमाण, निसटतो. एसीटीएच आणि रेनिन एकाच दिवशी असतील तर दोन नळ्या एकाच बर्फाच्या डब्यात जाताना दिसल्या की नम्रपणे, पण लगेच टोका.

अंथरुणातून उठून किमान २ तास हिंडूनफिरून झालेले असावेत, मग ५ ते १५ मिनिटं खुर्चीत बसून, मध्यान्हाच्या आत रक्त द्यायचं. रक्तदाबासाठी मीठ तोडलं असेल तर डॉक्टरांना सांगा. कमी मिठाने रेनिन वाढतं आणि गुणोत्तर खाली येतं. रक्त देताना मूठ आवळून उघडझाप करू नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. आणि पोटॅशियम कमी असताना ॲल्डोस्टेरॉन दबतं, म्हणून पोटॅशियम आधी भरून काढावं लागतं.

औषधांचा गुंता इथे सर्वांत जास्त आहे. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांचा परिणाम जायला ४ आठवडे लागतात, इतर अनेक रक्तदाबाच्या गोळ्यांचा सुमारे २. बीटा ब्लॉकर या रक्तदाबाच्या गोळ्यांनी रेनिन कमी होऊन आजार नसताना आहेसा वाटतो. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी उलट होतं. पण आता बरेच डॉक्टर पहिली तपासणी गोळ्या चालू ठेवूनच करतात आणि त्यानुसार आकड्याचा अर्थ लावतात. मला हे शहाणपणाचं वाटतं, कारण गोळ्या सोडल्यावर उसळलेला रक्तदाब तपासणीपेक्षा महाग पडू शकतो. गोळ्या बदलायच्याच असतील तर पर्यायी औषध हातात आल्याशिवाय जुनं सोडू नका.

मेटानेफ्रिन. उपाशीपोटी, आणि तपासणीआधी कॉफी व धूम्रपान नाही. सुई आधी बसवून २० ते ३० मिनिटं शांत आडवं पडायचं आणि तसंच पडून रक्त द्यायचं. बसून दिलेल्या रक्तात पातळी वाढलेली येते. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं आकडा वाढवतात, तर काही पद्धतींत पॅरासिटामॉलही अडथळा आणतं. लॅबमध्ये पलंग आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

## ५. दमन आणि उत्तेजन चाचण्या

डेक्सामेथासोन दमन चाचणी दिसते सोपी: रात्री ११ ते १२ दरम्यान १ मिलिग्रॅम गोळी, सकाळी ८ ते ९ ला रक्त. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर ग्रंथी हुकूम पाळते आहे. पण लोक गोळी ९ वाजता घेऊन झोपतात, किंवा रक्त द्यायला ११ ला येतात, किंवा ०.५ मिलिग्रॅमची एकच गोळी घेतात. पाकिटावरची मात्रा वाचा, गजर लावा, घेतल्याची वेळ लिहा. गोळी उलटून पडली किंवा विसरली तर लपवू नका, चाचणी दुसऱ्या रात्री करता येते. फेनिटॉइन, रिफॅम्पिसिनसारखी औषधं डेक्सामेथासोन भराभर मोडून टाकतात, त्यामुळे गोळी घेऊनही कॉर्टिसॉल दबत नाही. अशी शंका असेल तर त्याच रक्तात डेक्सामेथासोनची पातळीही मोजायला सांगता येते.

कमतरतेसाठी एसीटीएच उत्तेजन चाचणी करतात, तिलाच सिनॅक्थेन चाचणी म्हणतात. आधी एक नमुना, मग २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच, मग ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा रक्त. इथे मोठी चूक नळ्यांवरच्या नावांची होते: तिन्ही सारख्या दिसतात आणि मिनिटं लिहायची राहतात. प्रत्येक नळीवर '०', '३०', '६०' लिहिलेलं स्वतः पाहा.

सावध: पीयूषिका ग्रंथीची शस्त्रक्रिया किंवा इजा अगदी अलीकडची असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत ही चाचणी खोटी 'सामान्य' येऊ शकते. अधिवृक्क ग्रंथी अजून सुकलेली नसते, ती बाहेरच्या एसीटीएचला जोरात उत्तर देते.

## ६. रिपोर्ट वाचताना

आधी एकक पाहा. १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे २७.६ नॅनोमोल प्रति लिटर. एका लॅबचे १० आणि दुसरीचे २७६ हे एकच आहेत, पण ते शेजारी ठेवून घाबरलेली माणसं असतात.

सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरतेची दाट शक्यता. १५ ते १८ च्या वर असेल तर ती संभवत नाही. मधला मोठा पट्टा 'माहीत नाही' असा आहे आणि त्यासाठीच उत्तेजन चाचणी असते. त्या चाचणीत जुन्या पद्धतींसाठी १८ ही रेषा मानत, नव्या नेमक्या पद्धतींत ती १४-१५ च्या आसपास येते. म्हणून पद्धत कोणती, हे विचारल्याशिवाय १६ ला 'नापास' म्हणू नये. दीर्घकाळ स्टेरॉइड घेऊन आता सोडणाऱ्यांत १० च्या वर गेलेलं सकाळचं कॉर्टिसॉल बहुधा ग्रंथी जागी झाल्याची खूण, ५ च्या खाली असेल तर स्टेरॉइड सोडायची अजून घाई नको. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातली प्रथिनं घटली असतील, तर एकूण कॉर्टिसॉल खऱ्यापेक्षा कमी दिसतं.

१७-ओएचपी २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर अधिवृक्क ग्रंथींच्या जन्मजात विकाराचा सौम्य प्रकार संभवत नाही, १० च्या वर असेल तर निदान जवळपास पक्कं, मधे असेल तर पुन्हा उत्तेजन चाचणी. डीएचईए-एस दिवसभर फारसं हलत नाही, फक्त वय आणि लिंग यांनुसार मर्यादा पाहा. मेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर ते गांभीर्याने घ्यायचं. किंचित वाढ बहुधा आडवं न पडल्याने किंवा औषधाने झालेली असते.

ॲल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तराची मर्यादा रेनिन कोणत्या प्रकारे मोजलं यावर पूर्ण बदलते. रेनिनची सक्रियता आणि रेनिनचं प्रमाण हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसऱ्याच्या रिपोर्टवरची मर्यादा स्वतःला लावू नका.

आणि रक्ताचं उत्तर येण्याआधी पोटाचं सीटी स्कॅन करून घेऊ नका. वाढत्या वयात अधिवृक्क ग्रंथीत निरुपद्रवी गाठी बऱ्याच जणांना असतात. हार्मोनचं चित्र स्पष्ट नसताना अशी गाठ सापडली, की दोष तिचाच असं सगळ्यांना वाटू लागतं.

## ७. पुन्हा तपासणी करायची असेल तर

त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, त्याच वेळी, औषधांची तीच स्थिती ठेवून. यांतलं काही बदलावं लागलंच, तर ते नोंदवा. एक कागद कायम सोबत ठेवा: रात्री किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, शेवटची गोळी कोणती आणि केव्हा, रक्त किती वाजता आणि बसून की पडून दिलं, नळी बर्फात गेली का, स्त्रियांसाठी पाळीचा कितवा दिवस. या कागदाची एक प्रत रिपोर्टला टाचून डॉक्टरांसमोर ठेवा, आणि रिपोर्टचा फोटो पाठवत असाल तर कागदाचाही पाठवा.